लाभ, एक, दोन

मेश्राम काका माणसं मोजायला लागले की पहिला आकडा हवेला देतात. स्वतःच्या उजव्या बाजूला, खांद्याच्या जरा खाली, कोणीतरी बुटकं माणूस उभं असावं तसा हात धरायचा आणि "लाभ" म्हणायचं. मग समोरच्या पहिल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून "एक". तिथून पुढे दोन, तीन, चार, सगळं तुमच्याआमच्यासारखं.

धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात, हे पुण्यात वाढूनही मला माहीत होतं. पण तिथे लाभ म्हणजेच एक, त्याच्यानंतर थेट दोन. काकांचा लाभ वेगळा आणि एक वेगळा. ही चूक मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिली. त्यांनी पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "पाणी पिऊन घे, मग बोल." अडचणीच्या कुठल्याही प्रश्नाला त्यांचं हेच उत्तर असतं.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. सिंगापूरला पाणी शुद्ध करण्याच्या कामात इंजिनिअर म्हणून आले आणि इथलेच झाले. चोआ चू कांगला नवव्या मजल्यावर एकटे राहतात. साठीला टेकले आहेत. डोक्यावरची पांढरी टोपी एमआरटीच्या गाडीतही उतरत नाही. घरात बुद्धाची लहानशी मूर्ती आणि बाकी सगळीकडे जगभरच्या धरणांचे नकाशे. भूतखेत, नवससायास, ग्रहबिह यांचा उल्लेख जरी झाला तरी ते अर्धा तास व्याख्यान देतात. "भूतबित काही नसते. पाणी असते, दाब असतो आणि माणसाचा आळस असतो," हे त्याचं सार.

आणि हाच गृहस्थ लिफ्टमध्ये शिरल्यावर दार उघडं ठेवायचं बटण दाबून उभा राहतो. मी स्वतः पाहिलं आहे. आम्ही दोघंच आत, बाहेर कोणी नाही, आणि काका तीन-चार सेकंद बाहेर बघत थांबलेले. मग जरा सरकून जागा देतात आणि बटण सोडतात. मी क्लेमेंटीला राहते, विद्यापीठात जुन्या चुन्यावर संशोधन करते आणि स्वतःला मोठी शास्त्रीय वृत्तीची समजते. पण त्या लिफ्टमध्ये मीही अंग चोरून उभी राहिले होते, हे कबूल करते.

दोन हजार सात साल असेल. डिसेंबरच्या सुट्टीत काकांनी जॉर्डनची सहल काढली. सहल म्हटलेलं त्यांना चालत नसे. ते "अभ्यासदौरा" म्हणायचे. नियम त्यांनी मराठी फाँटमध्ये टाईप करून ईमेल केले, ते कोणाच्याच कॉम्प्युटरवर उघडले नाहीत. शेवटी बिल्डिंगच्या खालच्या मोकळ्या जागेत सगळ्यांना बोलावून छापील कागद वाटले. गाढवावर, उंटावर बसायचं नाही, त्यांचे हाल होतात. चहा देणाऱ्याचं नाव विचारल्याशिवाय चहा प्यायचा नाही. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही. पेट्राच्या गुहांतून ज्यांना उठवून दुसरीकडे वसवलं, त्यांच्या वस्तीतच उतरायचं आणि त्यांच्याच तोंडून इतिहास ऐकायचा.

सगळ्यात अवघड नियम पाण्याचा होता. काकांचा एक स्टीलचा तांब्या आहे. रोज निघताना तो सगळ्यांतून फिरणार, आणि प्रत्येकाने तोंड लावून प्यायचं. वरून ओतून प्यायला बंदी. बुकित तिमाहचे कुलकर्णी, एका कंपनीत ऑडिटचे मॅनेजर, यांनी जंतूंचा मुद्दा काढला. काका शांतपणे म्हणाले, "माझ्या आईला गावात जन्मभर वरून पाणी वाढलं. तेव्हा जंतूंची गोष्ट कोणी काढली नाही. माझ्यासोबत वरून कोणी पिणार नाही." पहिल्या दिवशी कुलकर्णींनी तांब्याला ओठ लावले ते डोळे मिटूनच.

आम्ही सगळे मिळून बारा जण. वस्तीतल्या म्हाताऱ्या यजमानीणबाईंनी पहिल्याच दुपारी तेरा ताटल्या मांडल्या. आम्ही बोटांनी बारा करून दाखवले. बाईंनी आमच्यावरून नजर फिरवली, हसल्या, आणि काकांच्या शेजारची ताटली तशीच ठेवली. मला वाटलं, तिकडची काही पाहुणचाराची रीत असेल. आमचा वाटाड्या सालेम त्याच गावचा, त्याला विचारलं तर तो म्हणाला की अशी काही रीत नाही. काकांनी त्या ताटलीकडे पाहिलंही नाही. फक्त आपली पिशवी त्या जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवली.

तिसऱ्या दिवशी आम्ही पेट्राजवळच्या एका लहान घळीत गेलो. दोन्ही बाजूंना उंच लालसर कातळ, मधे बसपुरतीही रुंद नाही अशी वाट, आणि कातळात कोरलेल्या खोल्या. मोठ्या पेट्रासारखी गर्दी तिथे नव्हती. खरं तर आमच्याशिवाय कोणीच नव्हतं. बोललेला शब्द कातळावरून परत यायचा, आणि कधी कधी जरा उशिरा यायचा, त्यामुळे मागून कोणी बोलतंय असं वाटायचं. सगळे आपोआप हळू आवाजात बोलायला लागले.

काका मात्र रंगात आले होते. पेट्रा वसवणाऱ्या नबाती लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी या वाळवंटात पावसाचा थेंब न् थेंब कसा अडवला, कातळात पन्हाळी कशा खोदल्या, ते पाणी हौदात कसं उतरवलं. बोलता बोलता त्यांनी वर एका हौदाकडे बोट दाखवलं आणि आतला गिलावा अजून शाबूत असल्याचं सांगितलं. जुना चुना म्हटल्यावर मला राहवेना. मी कोणालाही न सांगता पायऱ्या चढून वर गेले. चूक माझीच.

हौदाला एकच बुटकं दार होतं. आत चार पायऱ्या उतरायच्या. खाली गार, कोरडं आणि अगदी निःशब्द. भिंतींवर जुन्या पाण्याच्या रेषा होत्या, सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्याही वर. मी गिलाव्याला नाक लावून किती वेळ बसले कोण जाणे. बाहेर सालेमने दूरच्या डोंगरावर काळा ढग पाहिला, ताबडतोब घळीबाहेर पडा म्हणून ओरडला, सगळे धावत बसकडे गेले, यातलं एक अक्षर माझ्या कानावर आलं नाही.

मला ऐकू आल्या त्या बांगड्या. पायऱ्यांवर, काचेच्या, हलक्या वाजणाऱ्या. दारातला उजेड जरा कमी झाला, कोणी दारात येऊन उभं राहिलं की होतो तेवढा. मला वाटलं, कुलकर्णी वहिनी बोलवायला आल्या. "आले, आले," म्हणत मी वही उचलली आणि बाहेर आले. बाहेर कोणी नव्हतं. पूर्ण घळ रिकामी. बांगड्या तेवढ्या थोड्या अंतरावर, खालच्या वाटेवर, पुन्हा एकदा वाजल्या. मी आवाजाच्या मागे उतरले, आणि वळणावर समोरून मेश्राम काका धावत येताना दिसले. डोक्यावर टोपी नव्हती. त्यांनी काही न विचारता माझं मनगट धरलं आणि ओढत बाहेर नेलं.

आम्ही बसमध्ये चढलो आणि दहा-पंधरा मिनिटांत घळीच्या तोंडातून गढूळ पाणी बाहेर आलं. आधी घोट्याएवढं, मग बघता बघता कमरेएवढं. आमच्यावर एक थेंबही पडला नव्हता. पन्हाळीतून ते वरच्या हौदांत उतरत असणार, हे माझ्या लक्षात आलं. हौद त्याच कामासाठी बांधला होता.

बसमध्ये कुलकर्णी पांढरेफटक होऊन बसले होते. काका सालेमशी बोलत होते म्हणून माणसं मोजायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. त्यांनी मोजली होती, स्वतःला एक धरून मग एकेका खांद्याला हात लावून, दोनदा, आणि दोन्ही वेळा बारा भरली होती. मी नसताना बारा. "मी आयुष्यभर आकडे तपासतोय," ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते, "बाराव्या खांद्याला माझा हात लागला होता." बारा पुरे झाल्यावर ड्रायव्हरने बस सुरू केली होती. काकांनी ती थांबवली आणि उतरून पळाले. वहिनींना मी विचारलं. त्या बसमधून खाली उतरल्या नव्हत्या, आणि त्यांच्या हातात बांगड्या नव्हत्या, घड्याळ होतं.

मी काकांच्या शेजारी जाऊन बसले. बारा भरले असताना त्यांना कसं कळलं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. त्यांनी सवयीने तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायले. मग मात्र ते बोलले.

सिंगापूरला येण्याआधी, भारतात नोकरीला असताना, ऑफिसच्या लोकांना घेऊन ते एका किल्ल्यावर गेले होते. एप्रिलचं ऊन. बरोबर त्यांची बायको, पुष्पा. ती बुटकी, चालायला हळू, नेहमी मागे राहायची. परतताना काकांनी बसच्या दारात उभं राहून माणसं मोजली. आई मळणीला जायची, तिची बोली तोंडात बसलेली, म्हणून हातातल्या यादीकडे बघत आधी नुसतंच "लाभ" म्हणाले. हात कोणावर ठेवलाच नाही. मग पहिल्या माणसाला दोन, पुढच्याला तीन. शेवटचा आकडा बरोबर आला. बस निघाली. पुढच्या बाकावरच्या बायकांना वाटलं ती मागे बसली आहे, मागच्यांना वाटलं पुढे. तासाभराने लक्षात आलं. ते परतले तेव्हा ती खालच्या दरवाजाच्या सावलीत बसलेली होती, बाटली रिकामी. दवाखान्यापर्यंत पोचली नाही.

"तवापासून पहिली तिलाच मोजतो," काका म्हणाले. "आज बसमध्ये हात धरला, तर हात रिकामा. रोजच्यासारखं नाही लागलं. म्हटलं, कोणीतरी मागं राहून गेलं. कुलकर्णींनी मोजलं तवा ती बसमध्ये होती, मग उतरून त्याच्यापाशी गेली असणार. तिला माहीत आहे ना, मागं राहिलं की कसं लागते ते."

मी बांगड्यांचं सांगितलं. ते खिडकीबाहेरच्या पाण्याकडे बघत राहिले. काचेच्या होत्या का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि मला रडू आलं. जरा वेळाने मी विचारलं, "काका, तुम्हाला दिसतात का त्या?"

"भूतबित काही नसते, मानसी," ते म्हणाले. "दिसत नाही, म्हणून तर मोजतो."

मग ते उठले आणि बसमध्ये उभे राहून त्यांनी पुन्हा मोजणी केली. उजवीकडे हात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "लाभ," ते म्हणाले. माझ्या खांद्यावर हात आला, "एक."

पुढच्या वर्षी काकांचे गुडघे बिघडले. पुढच्या दौऱ्याची तयारी म्हणून आम्ही इथल्याच एका तलावाभोवती चालायला जमलो. काठी घेऊन काकाही आले होते, पण आता नुसते रांगेत उभे. मोजायचं काम कुलकर्णींकडे गेलं होतं. ते सहीसाठी पेन काढावं तसे गंभीर होऊन पुढे आले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "एक."

काकांची नजर आपल्या उजव्या बाजूला गेली आणि तिथेच राहिली.

कुलकर्णी दोनवर पोचले होते. ते थांबले. उलटे परत आले, आणि काकांच्या उजव्या बाजूला, खांद्याच्या जरा खाली, नेमक्या उंचीवर त्यांनी हात धरला.

"लाभ," कुलकर्णी म्हणाले.

काकांनी टोपी काढली, पुसल्यासारखं केलं आणि पुन्हा घातली. मी त्यांच्या उजवीकडेच उभी होते. मी अर्धं पाऊल बाजूला सरकले आणि मधे जागा केली.