फ्रिजच्या दाराला घंटा

"या घरात खायला म्हणून काही नसतंच!"

हे उद्गार उघड्या फ्रिजमधून आले. दारामागे मी भांडी पुसत होते, त्यामुळे ते अगदी कानाशी ऐकू आले. आत उकडलेले बटाटे होते, दही होतं, अर्धं कलिंगड होतं आणि माझ्या नणंदेचं डोकं होतं. तिचं जेवणाचं ताट माझ्या हातात अजून ओलं होतं.

माणूस दोनच कारणांनी खातो : भूक लागली म्हणून, आणि भूक लागली नाही म्हणून. मानवजातीची बरीचशी प्रगती, निदान बेकरीच्या क्षेत्रातली, दुसऱ्या कारणामुळे झालेली आहे.

नणंदेला घरात चिमणी म्हणतात. (चिमणी चाळिशीला आली की तिला काय म्हणावं, यावर एकमत नाही.) ती घरून काम करते. एका कंपनीकडे आलेले तक्रारींचे फोन ऐकायचे आणि कंपनीचा माणूस गिऱ्हाइकाशी नम्रपणे बोलला की नाही, याचे गुण द्यायचे. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं ऐकायची आणि मध्ये तोंड घालायचं नाही, असं हे अमानुष काम आहे. त्यात तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न ठरण्याचा विकार, असल्याचं निघालं.

"हिच्या मेंदूला कंटाळा सोसत नाही," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "त्याला सारखं काहीतरी नवं लागतं, आणि हाताशी काय असतं? खाणं. हा हावरटपणा नव्हे."

त्यांनी उपाय सांगितले. वेळच्या वेळी पोटभर जेवावं. हाताला काहीतरी चाळा ठेवावा. आणि ती काम करत असताना कुणीतरी आपलं काम घेऊन त्याच खोलीत नुसतं बसावं, बोलायचीही गरज नाही.

पहिले दोन उपाय तत्काळ मंजूर झाले. तिसऱ्याला खर्च काहीच नसल्यामुळे तो विचाराधीन ठेवण्यात आला.

मग रीतसर समिती नेमली. सासूबाई अध्यक्ष, माझे यजमान कुलूपप्रमुख, मी सदस्य (चहा करून). चिमणीलाही घ्यावं अशी सूचना आली होती, पण ती विषय सोडून भलतंच बोलेल म्हणून फेटाळली गेली. त्यानंतर समितीने संध्याकाळपर्यंत पडद्यांच्या रंगावर चर्चा केली.

पहिलं धोरण लपवण्याचं. शेंगदाणे मिक्सरच्या भांड्यात गेले, चॉकलेट कपड्यांच्या साबणाच्या पिशवीत, बिस्किटं यजमानांच्या बुटात (नव्या, न वापरलेल्या). कंटाळलेल्या माणसाला घरभर दडवलेल्या वस्तू शोधायला लावणं, याहून रंजक काम आजवर कुणी काढलेलं नाही. चिमणी इतकी रमली की तिने साबणाच्या वासाचं चॉकलेटही संपवलं.

दुसरं धोरण जप्तीचं. घरातल्या बिस्किटांपैकी सत्तर टक्के जप्त झाली. जप्त बिस्किटांपैकी शंभर टक्के समितीने बैठकीत खाल्ली. पुरावा घरात ठेवून चालत नाही.

याच सुमारास चिमणी आमच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाली. "तुम्ही माझे घास मोजता," म्हणाली आणि ताट घेऊन खोलीत गेली. हा आरोप निराधार होता. घास फक्त सासूबाई मोजत. आम्ही दोघं पोळ्या बघत होतो.

तिची खुर्ची रिकामी राहू लागली, तशी समितीने त्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवायला घेतले. पण रात्री पानं मांडताना माझा हात सवयीने चौथ्या ताटाकडे जाई. ते मी परत ठेवी, आवाज न करता.

शेवटचा उपाय घंटेचा. यजमानांनी फ्रिजच्या दाराला पितळी घंटा बांधली. दार उघडलं की घंटा वाजे, आणि असू तिथून आम्ही तिघं धावत स्वयंपाकघरात. सासूबाईंचे गुडघेही अशा वेळी दुखत नसत.

घंटा फार वाजू लागली. पण बटाटे तसेच, दही तसंच, कलिंगडाला हात नाही. समिती हादरली. खाल्लं तर बंदोबस्त करता येतो. न खाणाऱ्यावर कारवाई कशी करायची? (हे वाचताना आपणही मध्येच उठून काहीतरी तोंडात टाकून आलात. आपल्याला भूक लागली होती, हे आम्ही समजू शकतो.)

रविवारी घंटा वाजली. आम्ही धावलो. चिमणी रिकाम्या हातांनी फ्रिजपुढे उभी.

"काय घेतलंस?" यजमानांनी विचारलं.

"काही नाही."

"मग उघडलास कशाला?"

"घंटा वाजली की तुम्ही सगळे येता ना, दादा."

फ्रिजचा दिवा आमच्या तोंडांवर पडला होता. दार उघडं राहिलं की वीज जास्त जाते, अशी माहिती यजमानांनी दिली. मी त्यांना दुजोरा दिला. दार मात्र कुणी लावलं नाही.

सासूबाईंच्या तोंडात जप्तीतलं बिस्कीट होतं. त्यांनी ते सावकाश चावलं, गिळलं, पदराने ओठ पुसले.

"तुझ्याजवळ नुसतं बसायचा आम्हाला कंटाळा येतो गं," त्या म्हणाल्या. "म्हणून हे सगळं."