दळवी सरांची लांब बाही

आमच्या मुलुंडच्या शाळेतले दळवी सर बारा महिने स्वेटर घालायचे. बारा महिने म्हणजे अगदी एप्रिलअखेरीलासुद्धा. आम्ही शिक्षिका पदरानं वारा घेत निकालपत्रकं लिहीत असायचो, घामाचे थेंब पडून पोरांचे मार्क पुसट व्हायचे, आणि हा गृहस्थ कोपऱ्यातल्या खुर्चीत जाडजूड लोकरीच्या हिरव्यागार स्वेटरात शांत बसलेला! नुसतं बघूनसुद्धा मला घामोळं यायचं.

त्यात त्या स्वेटराच्या बाह्या. डावी बाही बोटांच्या पेरांपर्यंत लोंबायची आणि उजवी मनगटाच्या चार बोटं आधीच संपायची. सर कवायत शिकवायचे. "दोन्ही हात समोर!" म्हणून स्वतःचे हात पुढे केले, की अख्खी सहावी माना खाली घालून खुसुखुसु हसायची. सर हसणाऱ्यांना शिक्षा करत नसत. फक्त शिट्टी जरा जोरात वाजायची.

मी पडले तोंडाळ. पहिल्याच वर्षी विचारलं, "सर, उकडत नाही का हो?"

"उकडून माणूस मरत नाही, राऊत बाई."

"मग निदान बाह्या तरी उसवून सारख्या करून घ्या. शिवणाच्या बाई देतील करून."

"आहेत त्या बऱ्या आहेत," म्हणाले, आणि चहाच्या कपाला दोन्ही हातांचा विळखा घालून बसले. चहाही असा घ्यायचे की जणू बाहेर बर्फ पडतोय.

थंडी हा त्यांचा खास विषय. वर्तमानपत्रात सांताक्रूझचं तापमान छापून यायचं. ते वाचून सर नाक मुरडायचे. "सांताक्रूझच्या थंडीशी आपला संबंध नाही. मुलुंड दोन डिग्री खाली असतं, बाई. मागे डोंगर आहे." डिसेंबर उजाडला की प्रत्येक वर्गाच्या खिडक्यांच्या फटी तपासत फिरायचे आणि फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबायचे. पोरं घामाघूम. भूगोल शिकवायचे मी, पण हवामानखातं त्यांच्याकडे.

दुसरी गंमत म्हणजे कवायतीचे मास्तर असून दळवी सरांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं. शर्यती लावायचे, शिट्ट्या मारायचे, सगळं एका जागी उभं राहून. चालायचे ते जरा टाचांवर जोर देऊन, डुलत. लष्करातून आले होते एवढं माहीत होतं. त्यापुढे कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. स्टेशनजवळच्या चाळीत एकटे राहायचे. विक्रोळीच्या एका कारखान्यात रखवालदाराची नोकरी चालून आली होती, पगार जास्त, वर राहायला खोली. ती नाकारून शाळेत आले. का, तर म्हणाले, "तिथं पोरं नाहीत."

आणि त्यांचा एक शब्द होता. "पोचतं." स्टाफरूममध्ये कुणी कुरकुर केली, की खात्याला पाठवलेल्या अर्जाचं काय झालं देव जाणे, की कोपऱ्यातून आवाज यायचा, "पोचतं हो, पोचतं. वेळ लागतो." आमच्या नव्या बाकांचा अर्ज तीन वर्षं पोचत होता. मी हात जोडायचे.

आदल्या डिसेंबरात कोयनेच्या भूकंपानं आमच्याही फळीवरची भांडी खाली आणली होती, त्यामुळे इराणात मोठा भूकंप झाल्याची बातमी आली तेव्हा ती नुसती पेपरातली बातमी वाटली नाही. गावंच्या गावं बसली होती. प्रार्थनेच्या वेळी मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मुलांना सांगितलं, "घरून कपडे आणा." शहरातली एक मदत समिती ते जहाजानं धाडणार होती.

झालं! दोन दिवसांत हॉलमध्ये ढीग लागला. मलमलची लुगडी, हाफपँटी, गंजीफ्रॉक, कुणाच्या तरी लग्नातला फेटा, एक अख्खी मच्छरदाणी. मोठे सर खूश. ढिगाशेजारी उभं राहून फोटो काढायचा बेतही ठरला.

दळवी सर आले. ढिगातलं एक धोतर उचलून खिडकीपाशी उन्हात धरलं. मग एक सदरा, मग एक परकर. प्रत्येक कापड उन्हात धरायचं आणि बाजूला टाकायचं. शेवटी मालवणी उसळून आली. "बाई, ह्यां कापड नाय, ही चाळण आसा!" मग मोठ्या सरांकडे वळून नीट बोलले, "सर, ज्यातून ऊन दिसतं त्यातून वारा येतो. तिथं आता थंडी पडेल. त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही. हे घालून ती माणसं भूकंपातून वाचून थंडीनं मरतील."

"अहो दळवी, मुंबईत गरम कपडे आणायचे कुठून?" मोठे सर म्हणाले. खरंच होतं. आमच्या पोरांच्या घरात एकूण गरम वस्तू म्हणजे इस्त्री.

"विणू."

"कोण विणणार?"

"शाळा."

स्टाफरूममध्ये हसून हसून पुरेवाट झाली. सगळ्यात मोठ्यानं मी हसले, खोटं कशाला सांगू? शिवणाच्या बाई तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होत्या. विणायला शिकवणार तरी कोण? दळवी सरांनी पिशवीतून दोन सुया आणि लोकरीचा गुंडा काढला आणि आमच्यादेखत टाके घालायला लागले. असे भराभर, की आमची तोंडं उघडी ती उघडीच राहिली.

"जहाज सुटायच्या आत शंभर स्वेटर देतो," ते म्हणाले. "नाही भरले तर हा ढीग पाठवा. आणि ही शिट्टी तुमच्या टेबलावर." गळ्यातली शिट्टी त्यांनी मुठीत धरली होती. आता मात्र कुणी हसलं नाही. या माणसाला त्या शिट्टीशिवाय दुसरं काहीही नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मग जे सुरू झालं ते मुलुंडनं आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. सुया हव्यात. पोरांनी सायकलवाल्यांकडून मोडक्या चाकांच्या तारा गोळा केल्या आणि विक्रोळीच्या कारखान्यांत जाणाऱ्या बापांनी जेवणाच्या सुट्टीत त्या घासून, टोकं गोल करून दिल्या. लोकर हवी. सर सिंधी कॅम्पात गेले. फाळणीत घरदार सोडून आलेली ती माणसं, त्यांच्या ट्रंकांत तिकडचे गरम कपडे होते. एका म्हातारीनं नवऱ्याचे चार स्वेटर समोर ठेवले आणि स्वतःच उसवायला बसली. म्हणे, घर जातं म्हणजे काय ते मला माहीत आहे. धुतलेल्या लोकरीच्या लडी शाळेच्या कुंपणावर वाळत घातल्या, तेव्हा मासळीवाल्या पारूबाईंनी टोपली खाली ठेवून विचारलं, "मास्तर, शालंत लगीन हाय काय?"

आणि कवायतीचा तास! मैदानावर रांगा, पोरं मांडी घालून, हातात सायकलच्या तारा.

"सुया... सावधान! एक सुलट! एक उलट! पाटील, शेजारणीच्या सुईत बघू नकोस, स्वतःच्या बघ!"

आठवीतले मिशा फुटलेले पोरगे आधी लाजले. मग त्यांच्यात आणि मुलींत पैज लागली आणि लाज गेली कुठल्या कुठे. टाके गळायचे, विणीला भोकं पडायची. सर उन्हात धरून बघायचे. भोक असलं की उसव. पण स्वेटर वाकडा असला, एक खांदा वर, एक खाली, तर एक शब्द नाही. "घट्ट आहे ना? झालं तर." मला हे कोडंच होतं. कापडाच्या बाबतीत एवढा कडक माणूस वाकड्या विणीला इतका मऊ कसा?

माझ्याही हातात सुया आल्या. "भूगोल तुम्ही शिकवता, बाई. थंडी नुसती शिकवू नका, विणा."

"मी विणलंय एकदा," मी फणकारले. "चीनच्या लढाईत. सगळ्या मुंबईतल्या बायका जवानांसाठी विणत होत्या, तेव्हा मीही मफलर विणला होता. दिला समितीला. गेला असेल चोरबाजारात. असलं काही पोचत नसतं, सर."

सर माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलतील असं वाटलं. पण नेहमीचंच बोलले. "पोचतं."

दिवाळीच्या सुट्टीतही हॉल उघडा होता. पोरं कंदिलांखाली बसून विणत होती, फराळाचे तेलकट हात सर आधी धुवायला लावायचे. सुट्टी संपली आणि शंभर भरले. मीच मोजले. वर तीन कानटोप्या.

गाठोडी शिवायच्या दिवशी मोठे सर पाहायला आले. एक स्वेटर उचलला, दुसरा उचलला, आणि कपाळावर आठ्या. एकाची पाठ पोटापेक्षा आखूड. एकाला बाहीच्या जागी जणू उशीचा अभ्रा. माझा हाती लागला. त्याच्या गळ्यातून नारळसुद्धा गेला नसता, माणसाचं डोकं तर सोडाच.

"दळवी, हे परदेशात जाणार. शाळेची अब्रू जाईल हो. बरे तेवढे ठेवा, बाकीचे बाद करा."

"माझा तर आधी करा," मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि बोलल्यावर जीभ चावली. बाद केले तर शंभर राहणार नव्हते. निम्मेही नव्हते राहणार. हॉलमधल्या पोरांनाही ते कळलं. सगळ्यांचे डोळे शिट्टीवर.

दळवी सर सावधानमध्ये उभे राहिले. मग कवायतीत करायचे तसे दोन्ही हात समोर. डावी बाही पेरांपर्यंत, उजवी मनगटाच्या चार बोटं अलीकडे. पोरं हसली नाहीत.

"सर, हा असाच एक आहे," ते म्हणाले. "चीनच्या लढाईत आम्ही बर्फात सुती कपड्यांत होतो. शेजारचा जवान सकाळी उठलाच नाही. माझी पायाची बोटं गेली, सगळी. हॉस्पिटलात हा मिळाला. कुणीतरी विणून पाठवलेला. तिथल्या साहेबानं अब्रूचा विचार करून हा बाद केला असता, तर मीपण उठलो नसतो."

मोठ्या सरांनी माझा स्वेटर घेतला, स्वतःच्या हातानं घडी केली आणि गाठोड्यात ठेवला. "शिवा," म्हणाले, आणि चष्मा पुसत निघून गेले. फोटोची आठवण कुणालाच राहिली नाही.

मग पोरांची नवीनच टूम. प्रत्येकानं आपापल्या स्वेटरात चिठ्ठी सरकवायला सुरुवात केली. 'लवकर बरे व्हा.' 'आमच्याकडे पण भूकंप झाला होता.' मराठीत!

"अरे, इराणात मराठी कोण वाचणार?" मी म्हटलं. सवयच ती.

सर गाठोडं शिवत होते. सुई थांबवली, लांब बाही दुमडली आणि आतल्या शिवणीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. घड्यांवर झिरझिरीत झालेला. वहीचा चतकोर, त्यावर शाईनं काढलेली गोल गोल अक्षरं. मद्रासकडची कुठलीतरी भाषा. लिहिणारं लहान असावं, ओळी उताराला लागल्या होत्या.

"यात होता," ते म्हणाले. "वॉर्डात सगळ्यांना घरून पार्सलं यायची. मला पाठवणारं कोण? आईबाप लहानपणीच गेले. माझ्या मापाचं कुणी कधी काही केलं नव्हतं, बाई. हेही मापाचं नव्हतंच." जरा हसले. "पण केलं होतं. तिथंच एका सिस्टरकडून विणायला शिकलो. पायांना काम नव्हतं, हातांना दिलं."

गेली पाच वर्षं मी त्या बाहीवर विनोद करत होते. स्वतःचाच राग आला. तो लपवायला घाईघाईनं म्हटलं, "अहो, मग चिठ्ठी इतकी वर्षं न वाचताच ठेवलीत? आपल्या अय्यर बाई आहेत, त्यांना वाचता येईल. नाहीतर माटुंग्याला कुणीही वाचून देईल. द्या इकडे."

त्यांनी कागद हळूच परत घेतला, घडीवर घडी जुळवली आणि बाहीत सरकवला.

"नको. 'बाही चुकली, माफ करा' एवढंच लिहिलं असेल. ते पोचलंय मला."

आणि पुन्हा गाठोडं शिवायला लागले.

मी हजेरीपटाच्या मागचा कोरा कागद फाडला. शिवण अजून अर्धी उघडी होती. माझा स्वेटर वरच होता. 'गळा चुकला आहे, माफ करा,' असं लिहिलं आणि त्याच्या आत ठेवलं. तिकडे वाचणारं कुणी नाही हे पक्कं ठाऊक होतं, तरी अक्षर मात्र पहिलीच्या फळ्यावर काढावं तसं, सावकाश, गोल गोल काढलं.