अर्थिंग ग्राहकाकडे

विश्वेश गायधनी जेवणाच्या टेबलावर आपल्या इलेक्ट्रिक गिटारचं पोट फाडून बसला होता आणि त्याची बायको मालिनी हातात आमटीचं पातेलं घेऊन ते ठेवायला जागा शोधत होती. टेबलभर वायरींचे तुकडे, स्क्रू आणि सोल्डरचे थेंब सांडले होते. तिने पातेलं खुर्चीवर जरा जोरातच ठेवलं. तिचं हे जोरात ठेवणं विश्वेशला वीस वर्षांत चांगलंच कळायला लागलं होतं, पण आज त्याच्यापुढे त्याहून मोठं संकट होतं.

नाशिकमधल्या अंबडच्या ज्या कारखान्यात तो विजेची पॅनेल तपासायचा, तिथल्या वाद्यवृंदात तो एकोणीस वर्षं गिटार वाजवत होता. त्याचं मुख्य कारण म्हणजे दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. यंदा मात्र श्रेयस नावाचा चोवीस वर्षांचा ट्रेनी लागला आणि त्याला खरोखरच वाजवता येत होतं. वाद्यवृंदाचे सर्वेसर्वा प्रफुल्ल साहेब गोड हसत म्हणाले की, स्नेहसंमेलनातला मोठा सोलो कुणी वाजवायचा ते शनिवारी दोघांना ऐकून ठरवू. विश्वेशला हे फार लागलं. कारखान्यात त्याची ओळख म्हणजे लोकांचं झालेलं काम अडवून धरणारा माणूस. वर्षातून एकच संध्याकाळ अशी यायची की तीच माणसं त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवायची. तीही हातची गेली असती तर मग बाराही महिने नुसतं अडवणंच उरलं असतं.

अशा वेळी शहाण्या माणसाने सराव केला असता. विश्वेशने गिटारमध्ये खोट काढली.

त्याचं म्हणणं असं की, गिटारला तारांखाली तीन पिकअप आहेत, तारेची थरथर पकडून पुढे स्पीकरकडे धाडणारे. त्यांच्यातून निवड करायला एक पाच घरांचा खटका आहे. पण त्या पाच घरांपैकी कामाची दोनच. एका घरात आवाज ताटावर चमचा घासल्यासारखा, एकात उशीखालून आल्यासारखा आणि एक घर कशाला दिलंय ते बनवणाऱ्यालाच माहीत. तेव्हा आतलं वायरिंग बदलायचं, चार छोटे स्विच जोडायचे आणि पाचाऐवजी नऊ आवाज काढायचे, नऊही कामाचे. असे नऊ आवाज असलेल्या माणसापुढे श्रेयस काय टिकणार?

मालिनी शाळेत विज्ञान शिकवायची. तिने एवढंच विचारलं, "आत्ता जे दोन येतात ते नीट वाजतात का?"

विश्वेश थेट बाजारात गेला. त्याने शालिमारजवळच्या दुकानातून स्विच आणले आणि कारखान्याच्या शिस्तीत कामाला लागला. आधी ड्रॉइंग काढलं. मग प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबराची चिमुकली नळी चढवली. अठ्ठावीस वायरींना छप्पन्न नळ्या. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात 'काढणारा', 'तपासणारा' आणि 'मंजूर करणारा' अशा तीन चौकटी करून तिन्हींत स्वतःच सह्या ठोकल्या. गायधनींच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, विधींना येणाऱ्या यजमानांच्या वह्या ठेवलेल्या, कुणाचे खापरपणजोबा कुठल्या साली नाशकात आले होते ते पाच मिनिटांत काढून दाखवणारी माणसं ती. हा कागदोपत्री काटेकोरपणा आपल्या रक्तातच आहे असं विश्वेश अभिमानाने सांगायचा.

शुक्रवारी गिटारचं झाकण बंद झालं. घरात कुणाला त्रास नको म्हणून त्याने कानात हेडफोन घालून, काड्यापेटीएवढ्या बॅटरीच्या डबीवर ती वाजवून पाहिली. नऊच्या नऊ आवाज आले. विश्वेश स्वतःवर इतका खूश झाला की सराव करायचा राहूनच गेला.

शनिवारी अर्धा दिवस. मालिनीने ॲक्टिव्हा चालवली आणि विश्वेश मागे गिटार कवटाळून बसला, कारण तिथून दोघांना परस्पर गंगापूर रोडला तिच्या भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. ती पैठणी नेसून कॅन्टीनच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघू लागली.

आधी श्रेयसने वाजवलं. छान वाजवलं. विश्वेशला ते मान्य करावं लागलं. मग त्याने आपली गिटार मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडली. छातीएवढा स्पीकर तो, भिंतीतल्या विजेवर चालणारा. त्याने आवाज वाढवला आणि कॅन्टीनभर जोरदार भणभण सुरू झाली.

विश्वेशने पहिला स्विच दाबला, भणभण तशीच. दुसरा दाबला, भणभण जरा वाढली. नऊही आवाज फिरवून झाले आणि नऊही घरांत तेच. त्याने घाबरून गिटारला वायर जिथे खोचतात त्या धातूच्या सॉकेटला बोट लावलं, तर एकदम शांतता. बोट काढलं की पुन्हा सुरू. आता एक हात सॉकेटवर ठेवायचा तर वाजवायचं कशाने?

प्रफुल्ल साहेब म्हणाले, "गायधनी, तुम्ही नऊ म्हणाला होतात. हा दहावा का?"

श्रेयस संकोचत पुढे आला. गेल्याच महिन्यात विश्वेशने या मुलाला सुरक्षेवर दोन तास व्याख्यान दिलं होतं आणि त्यातला दीड तास अर्थिंगवर होता.

"सर," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या तारांना अर्थिंग नाहीये."

विश्वेशने खिशातलं ड्रॉइंग काढून उलगडलं. तारा ज्या पट्टीला अडकवतात तिथून एक वायर आत यायला हवी, की वाजवणाऱ्याचा हात तारांना लागला की गडबड थांबते. ती वायर ड्रॉइंगमध्ये नव्हती, आणि बॅटरीच्या डबीवर तिची उणीव कळली नव्हती. तिच्या जागी स्वच्छ अक्षरात टीप होती: 'अर्थिंग ग्राहकाकडे.' कारखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक ड्रॉइंगवर ही टीप असायची, कारण पॅनेल बसवल्यावर जमिनीशी जोडणी ग्राहकानेच करायची असते. एकोणीस वर्षांच्या सवयीने हाताने आपोआप ती लिहिली होती. आणि इथे ग्राहक तोच होता, तेही तीन सह्यांनिशी.

एक वायरीचा तुकडा मनगटाला गुंडाळून सॉकेटला लावला असता तरी भागलं असतं. पण शनिवारी दुपारी स्टोअरला कुलूप, आणि वायरीचा तुकडासुद्धा सहीच्या चिठ्ठीशिवाय बाहेर न्यायचा नाही हा नियम विश्वेशनेच भांडून करून घेतलेला. लाखो मीटर वायर असलेल्या कारखान्यात त्याला वीतभर वायर मिळेना. त्याची त्याला इतकी लाज वाटली की गिटार उतरवून सरळ घरी जावं असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात मालिनी उठली. साखरपुड्याचा मुहूर्त टळत होता. ती तरातरा आली, एका हाताने वायर उपटायला सॉकेट धरलं आणि दुसरा हात नवऱ्याच्या मानेवर ठेवून म्हणाली, "चल आता. पुष्कळ झालं."

भणभण थांबली होती.

तिने मानेवरचा हात उचलला. भणभण. ठेवला. शांत. विज्ञानाची बाई ती, दोनदा करून पाहिलं आणि तिला कळलं की हरवलेली वायर आता ती स्वतःच आहे. तिने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. तो चेहरा बघून तिला राग यायचा तो आलाच नाही.

"वाजव," ती म्हणाली. "मी धरलंय."

आणि विश्वेशने वाजवलं. नऊ आवाज विसरून नेहमीच्या दोनांतच वाजवलं. दोन ठिकाणी चुकला, पण मानेवर बायकोचा हात असल्यामुळे थांबायची सोय नव्हती. गाणं संपल्यावर प्रफुल्ल साहेबांनी बराच विचार केला. नाचाची दोन गाणी त्यांनी श्रेयसला दिली. "आणि सोलो गायधनींचा," ते म्हणाले. "पण वहिनींसकट. असं काही आपल्याकडे स्टेजवर झालेलं नाही."

साखरपुड्याला ते पोचले तेव्हा जेवणं सुरू झाली होती. परतताना ॲक्टिव्हा चालवता चालवता मालिनी मान न वळवता म्हणाली, "वीस वर्षांत तुझं अख्खं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं. स्नेहसंमेलनाला कधी आले नाही, आणि घरी नेहमी दार लावून आतल्या खोलीत असते. बरं वाजवतोस रे." विश्वेशने मागे गिटार आणखी घट्ट कवटाळली.

रविवारी त्याने गिटार उघडली. चार इंचांची एक वायर, दोन सोल्डर, पाच मिनिटांचं काम. घरच्या छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून पाहिलं तर पूर्ण शांतता. ही बातमी द्यायला तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. मालिनी विचारत होती की पुढच्या शनिवारी सराव किती वाजता, म्हणजे ती शाळेतून परस्पर येईल. विश्वेशने चार वाजता सांगितलं. मग परत येऊन गिटारचे सगळे स्क्रू गच्च आवळले आणि कुणाला काही बोलला नाही.

पाच शनिवार ती आली. स्नेहसंमेलनाला सभागृह भरलं होतं. पडदा उघडला तेव्हा मालिनी त्याच्यामागे उभी होती, एक हात सॉकेटवर आणि दुसरा मानेवर, आणि शिट्ट्या पडत होत्या. सोलो अर्ध्यावर आला असताना तिच्या केसांतला गजरा सुटला. तो सावरायला तिने अभावितपणे दोन्ही हात वर नेले.

काहीच झालं नाही. गिटार स्वच्छ वाजत राहिली.

विश्वेशने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मालिनी गजरा धरून तशीच थांबली होती. तिने गिटारकडे पाहिलं, आपल्या मोकळ्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्या मानेकडे. विज्ञानाच्या बाईला दुसऱ्यांदा करून बघायची गरज पडली नाही. आता ही स्टेजवरून खाली उतरणार, याची त्याला खात्री वाटली आणि एक सूर हुकला.

मग मानेवर हात परत आला, आणि त्या हाताने असा सणसणीत चिमटा काढला की विश्वेशने हातातली तार कळवळून वरपर्यंत खेचली. तो सूर त्याला आजवर कधी जमला नव्हता. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि मालिनी गाणं संपेपर्यंत हात तसाच ठेवून उभी राहिली.