अंडी उद्योगातले अंतराळवीर

माणूस जागेपणीचा बहुतेक वेळ कामावर घालवतो आणि आजार मात्र घरी घेऊन येतो. हे सत्य सार्वजनिक आरोग्य खात्याला एका परिपत्रकामुळे कळलं. (त्याआधी ते फक्त आजाऱ्यांच्या बायकांना माहीत होतं, पण त्यांच्याकडून लेखी काही आलेलं नव्हतं.) परिपत्रकाचं म्हणणं साधं होतं. रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येकाला नाव, वय, पत्ता यांखेरीज आणखी दोन प्रश्न विचारायचे: तुम्ही काय काम करता, आणि जिथे करता तिथे काय तयार होतं. मग कोणत्या कामाने कोणता आजार होतो हे खात्याला जागेवरून न उठता समजणार होतं.

मी रुग्णालयाच्या नोंद विभागाचा प्रमुख. त्यामुळे पुढे जे घडलं त्याचं श्रेय माझंच आहे, आणि ते मी नाकारत नाही.

पहिल्याच दिवशी तीन नंबरच्या खिडकीवरच्या बाईंनी गंभीर चूक केली. त्यांनी प्रश्न खरोखरच विचारले. एक म्हातारी म्हणाली, मी काही करत नाही. तेवढ्यावर काम भागलं असतं. बाईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा ती आठवड्याला तीनशे शर्टांना बटणं लावते आणि हल्ली तिला एका सुईच्या दोन दिसतात, असं बाहेर आलं. अकरा मिनिटं गेली.

तिच्यामागे एक हडकुळा माणूस होता. भुवया पांढऱ्या, पण वयाने नव्हे. तो म्हणाला, नोकरी. बाईंनी विचारलं, कसली? दगडी फरशी कापतो. कुठे? दुकानाच्या मागच्या खोलीत. पाणी सोडून कापता की कोरडी? कोरडी; पाण्याने डाग पडतात असं मालक म्हणतात. आणि दार? दार लावून घेतो, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ बसते म्हणून. एवढं बोलायला त्याला चार वेळा खोकावं लागलं. शेवटी त्याची बायको पुढे झाली. "बाई," ती म्हणाली, "तुम्ही याला औषध देणार आहात, की दुसरी नोकरी?"

दुपारपर्यंत रांग फाटकाबाहेर गेली. रोज दोनशे दहा रुग्णांच्या नोंदी होत, त्या दिवशी अडतीस झाल्या. मी बाईंना लेखी समज दिली आणि स्वतः संगणकापुढे बसलो.

उपाय तिथेच होता. दोन्ही रकान्यांत तयार याद्या होत्या आणि खूण आपोआप पहिल्या नावावर उभी राहत होती. दोनदा बटण दाबलं की दोन्ही रकाने भरत. कामांच्या यादीत पहिलं नाव होतं 'अंतराळवीर'. (खरं तर आधी 'अंगरक्षक' यायला हवा, पण सुरक्षेच्या कारणास्तव तो कुठे आहे हे यादीने सांगितलेलं नाही.) उद्योगांच्या यादीत पहिलं होतं 'अंडी उत्पादन'. एका रुग्णामागे लागणारा वेळ अकरा मिनिटांवरून दोन सेकंदांवर आला. याला कार्यक्षमता म्हणतात.

तीन महिन्यांनी आमची माहिती शंभर टक्के पूर्ण भरली. बाकीच्या रुग्णालयांची चाळीसच्या पुढे सरकत नव्हती. आम्हाला ढाल मिळाली. आकडेवारीनुसार आमच्या भागातल्या अंडी उद्योगात चौदा हजार दोनशे सहा अंतराळवीर काम करत होते. त्यांपैकी अकराशे जण पाच वर्षांखालचे होते आणि बासष्ट नव्वदीपुढचे. यावरून हे क्षेत्र वयाच्या बाबतीत किती उदार आहे ते दिसून येतं.

मग खात्याचे तज्ज्ञ आले. अत्यंत हुशार माणूस. त्यांनी क्ष-किरणांचे फोटो पाहिले. एकोणीस अंतराळवीरांच्या फुप्फुसांत दगडाची बारीक धूळ जमलेली होती. अंतराळात दगडाची धूळ कुठे असते? चंद्रावर. तज्ज्ञांनी अहवाल लिहिला: चंद्रावर जाणाऱ्यांनी तोंड झाकत जावं. अंडी उत्पादकांची तातडीने बैठक झाली आणि आम्ही कधीही कोणाला चंद्रावर पाठवलेलं नाही, असा ठराव त्यांनी एकमताने केला. एकमत झालं, म्हणूनच खात्याला संशय आला.

इकडे बाईंचा जुना दोष गेला नव्हता. बटण दोनदा दाबता दाबता त्या प्रत्येक रुग्णाला हळूच विचारत आणि उत्तर एका वहीत लिहीत. ते एकोणीस जण एकाच दुकानाच्या एकाच मागच्या खोलीत फरशी कापत होते. बाई वही घेऊन माझ्याकडे आल्या. मी त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं. वही भरायला संगणकात रकाना नाही, हेही समजावलं. बाई जागेवर गेल्या आणि त्यांनी एकोणीस नोंदी दुरुस्त केल्या.

दुसऱ्या दिवशी वरून विचारणा आली: एकाच दिवशी एकोणीस अंतराळवीरांनी राजीनामे का दिले? कामाच्या ठिकाणी छळ होतो काय? चौकशी समिती नेमली गेली आणि हडकुळ्या माणसाच्या बायकोला बोलावणं धाडलं. नवरा आता जिना चढू शकत नव्हता. ती म्हणाली, "साहेब, तो कधी वर गेलाच नाही. तो दुकानातच असतो, दार लावून." समितीने हे नोंदवून घेतलं आणि मालकाचा दाखला मागितला.

मालकाने तिला बसायला खुर्ची दिली. धूळ दुकानातली ठरली तर दार उघडावं लागेल आणि भरपाईही द्यावी लागेल. चंद्रावरची ठरली तर काहीच करावं लागणार नाही, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. त्याने दाखला दिला, की सदर इसम अंतराळवीरच असून दुकानात केवळ चहा प्यायला येत असे.

बायको तो कागद घेऊन तीन नंबरच्या खिडकीपाशी आली आणि नुसती उभी राहिली. रडली नाही, तिच्यामागे रांग होती. बाईंनी कागद दोनदा वाचला. मग एकोणिसाव्या पानापर्यंत वही चाळली आणि एकोणीसही जणांना पुन्हा अंतराळवीर करून टाकलं. मला आनंद झाला. अनुभवाने माणूस सुधारतो, असं मी त्यांच्या गोपनीय अहवालात लिहिलं.

आठवड्याने बाईंनी माझ्या सहीसाठी एक मागणीपत्र ठेवलं. तज्ज्ञांच्या अहवालानुसार चांद्रधुळीत काम करणाऱ्या एकोणीस कर्मचाऱ्यांना हवाबंद शिरस्त्राणं आणि एकाला प्राणवायूचं नळकांडं तातडीने मिळावं. कागद बिनचूक होता. मी सही केली. फरशीच्या दुकानाला मास्क मिळायला बारा वर्षं लागली असती. अंतराळाला नऊ दिवस लागले. आता त्या मागच्या खोलीत अठरा माणसं काचेचे गोल घालून फरशी कापतात. मालकाची काही हरकत नाही. गिऱ्हाईकं बघायला येतात. नव्या खोकल्याची नोंद नाही.

एकोणिसावा, तो हडकुळा माणूस, घरी खाटेवर असतो. त्याचं शिरस्त्राण भिंतीला टांगलेलं आहे. उशीरच झाला होता. बाई सुट्टीच्या दिवशी त्याला भेटायला जातात. एकदा त्यांनी विचारलं, एवढ्या फरश्या गेल्या तरी कुठे? तर त्याला प्रत्येक घर आठवत होतं. कुणाच्या न्हाणीघराचा कोपरा काटकोनात नव्हता, कुणी पायरीचा रंग आवडला नाही म्हणून सगळी पुन्हा कापून घेतली. मधे मधे नळी नाकाशी धरून तो सांगत राहिला, आणि बाईंनी सव्वीस पानं लिहिली. नंतर त्यांनी मला सुचवलं, की फॉर्ममध्ये तिसरा रकाना घालावा: काम कोणासाठी केलं?

मी तो प्रस्ताव फेटाळला. लोकांच्या खासगी बाबी उघड करणं आमच्या नियमांत बसत नाही, आणि त्या सव्वीस पानांत पत्तेच पत्ते आहेत. तुमचा चौदाव्या पानावर आहे, खालून तिसरा. स्वयंपाकघरातला ओटा, तोही दोनदा कापलेला. निश्चिंत असावं, वही माझ्या कपाटात आहे.