ताईचा आवाज आणि जावयाचा स्पीड

लाँड्रीच्या बाईंच्या जावयाला एक खोड होती आणि ती बाईंच्या डोक्यात जायची. घरात पाऊल टाकलं की माणूस आधी घरच्यांची विचारपूस करतो, निदान पाणी तरी मागतो. हा गडी दारातच थांबायचा, खिशातून फोन काढायचा, छतातून कुणी काही खाली सोडणार असल्यासारखा हात वर धरायचा आणि नेटचा स्पीड मोजायचा. आकडा बरा आला तर चेहरा खुलायचा आणि मग, "आई, गुडघे कसे आहेत?" आकडा पडला की गुडघेही राहून जायचे. बाई लेकीला म्हणायच्या, "तुझ्या नवऱ्याला माझी तब्येत त्या डबीवरच कळते वाटतं."

जावई कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात कामाला होता. गल्लीत नवं नेटवर्क आलं तेव्हापासून तर तो हवेतच होता. टॉवर दुकानाच्या बरोबर समोर, पलीकडच्या गच्चीवर. सकाळी गल्ली अजून जांभया देत असायची, गिऱ्हाईक नसायचं, शटर अर्धं वर असायचं, तेव्हा हा दारात उभा राहून स्पीड मोजायचा आणि तो आकडा दिवसभर येईल त्याला दाखवायचा. त्या एका आकड्यावर त्याने बाईंच्या अख्ख्या इमारतीला नवे फोन आणि नवी सिमं घ्यायला लावली. दुसऱ्या मजल्यावरची शिवणक्लासवाली, जिला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, तीही आता जिन्यात उभी राहून शेजारणीला आपला स्पीड सांगायची.

बाईंचा जुना बटणांचा फोन त्याने बदल्यात दिला आणि त्यांच्या हातात काचेचा नवा ठेवला. बाईंनी तो उलटसुलट करून बघितला. दुसरीत शाळा सुटली, तेव्हापासून त्या जे शिकल्या ते हाताने चाचपून शिकल्या होत्या. ह्याला चाचपावं तर कुठेही बोट लागलं की भलतंच काहीतरी उघडायचं.

"ह्याला बटण कुठाय?"

"आई, आता बटणं गेली."

"मग राहिलं काय?"

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग भाच्याचा फोन आला, आणि तोही लाँड्रीतल्या तारेच्या फोनवर, कारण नवा नंबर त्याला कुणी कळवलाच नव्हता.

भाचा म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. ही लाँड्री एके काळी दोघी बहिणींची होती. एक धुवायची, एक इस्त्री करायची. मग एका वकिलाच्या काळ्या कोटावर इस्त्री तशीच राहिली आणि पाठीवर भलंमोठं भोक पडलं. तू ठेवलीस, नाही तू ठेवलीस, असं करता करता ताई आपलं गाठोडं उचलून दुसऱ्या गावी लेकाकडे निघून गेली. कोट नवा झाला, वकीलही म्हातारा झाला, बहिणींचा अबोला मात्र कडक खळ घातल्यासारखा ताठच्या ताठ राहिला.

भाचा म्हणाला, आईच्या घशात गाठ आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. गाठ निघेल, जीवाला धोका नाही, पण गाठीबरोबर आवाजही जाणार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. "मावशी, आई म्हणते तुझ्याशी एक गोष्ट बोलायचीय. स्वतःच्या तोंडाने."

लिहून देण्याचा प्रश्नच नव्हता. ताईने शाळेचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. म्हणजे जे काय बोलायचं ते आजच.

बाईंनी इस्त्री बंद केली, दोनदा हात लावून खात्री केली, आणि पिशवी भरली. दुपारची बस मिळाली असती. त्या दारापर्यंत पोचल्याही होत्या. जावयाने तिथेच त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"आई, ह्या गुडघ्यांनी इतका प्रवास? उद्या ऑपरेशन झालं की मी स्वतः नेतो. आज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करू. नवं नेटवर्क आहे. मावशी तुमच्यासमोर खुर्ची टाकून बसल्यासारख्या दिसतील."

खरं सांगायचं तर बाईंना मोह झाला. ताई बोलेल ते ऐकायचं होतंच, पण ताईला दाखवायचंही बरंच होतं. ती गेल्यावर घेतलेलं दुसरं टेबल, भिंतभर फळ्या, त्यावरच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांच्या थप्प्या. तारेच्या फोनमधून फळ्या दिसत नाहीत. बाईंनी पिशवी परत मागितली नाही. उलट ठेवणीतले कपडे घालून, फळ्या नीट मागे येतील अशी खुर्ची वरच्या खोलीतून खाली लाँड्रीत आणायला सांगितली. जावई म्हणाला, खाली नको, वरच्या खिडकीत स्पीड जास्त आहे. तेव्हा फळ्या राहिल्या आणि निवडक थप्प्या तेवढ्या वर गेल्या.

संध्याकाळी खोलीत बसायला जागा नव्हती. दोघी बहिणी इतक्या वर्षांनी बोलणार, ही बातमी जावयानेच जिन्याजिन्यातून पसरवली होती, आणि बरोबर हेही की नव्या नेटवर्कची खरी गंमत बघायची असेल तर आज बघा. इमारतीतले सगळे आले. येताना आपापले नवे फोन घेऊन आले.

कॉल लागला. ताई दिसली. उशीला टेकलेली, वाळलेली, पण भुवई तीच, एक वर चढवलेली. बाई खुर्ची ओढून फोनवर वाकल्या. ताईनेही बघितलं, आणि तिचे ओठ हलले.

"ऐक. त्या दिवशी ती इस्त्री..."

आणि ताई थांबली. तोंड उघडं, डोळे मिटलेले, मान जराशी कललेली. मध्ये एक गोल चकती फिरत राहिली.

"ताई?" बाई म्हणाल्या. "बोल ना. इस्त्रीचं काय?"

जावयाने फोन हातात घेतला, हलवला, खिडकीबाहेर धरला. मग त्याने आयुष्यातला सगळ्यात मोठा शहाणपणा केला. खोलीकडे वळून म्हणाला, प्रत्येकाने आपापल्या फोनवर स्पीड मोजा, कुठल्या कोपऱ्यात चांगला येतो ते बघू. खोलीभर हात वर झाले. सगळे फोन एकाच टॉवरला एकाच वेळी ओढायला लागले. जे काही थेंब थेंब येत होतं तेही आटलं.

"सकाळी सगळ्या मजल्यांनी एकदम नळ सोडले की माझ्या नळाला नुसती शिट्टी येते," बाई म्हणाल्या. "तसलंच आहे का हे?"

"साधारण तसंच. पण आई, ही फार पुढची टेक्नॉलॉजी आहे."

"म्हणजे शिट्टी पुढची आहे?"

इतक्यात शिवणक्लासवाली पुढे झाली. तिने चष्मा पुसला, ताईच्या मिटलेल्या डोळ्यांकडे आणि उघड्या तोंडाकडे निरखून बघितलं, आणि तोंडाला पदर लावला. ती फक्त एवढंच म्हणाली, "गेल्या हो."

बास. रडं काही कुणाला स्पीड विचारत नाही. ते ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका दमात पोचलं. लेकीने हंबरडा फोडला. लोक जिन्यातून एकमेकांना खबर द्यायला लागले. जावई बिचारा एकटाच ओरडत होता की मावशी गेल्या नाहीत, नुसत्या अडकल्यात, पण "अडकल्यात" ऐकून शिवणक्लासवाली आणखीच रडायला लागली. शेवटी तो फोन उंच धरून गच्चीकडे पळाला, आणि सगळे त्याच्या मागे रडत रडत वर गेले.

बाईंना गच्चीचा जिना चढवत नव्हता. त्या रिकाम्या खोलीत, इस्त्रीच्या थप्प्यांपुढे, ठेवणीतल्या कपड्यांत बसून राहिल्या. ताई गेली यावर त्यांचा विश्वास बसेना. अर्धं वाक्य टाकून जाणाऱ्यातली ताई नव्हती.

गच्चीवर मात्र चमत्कार झाला. फोन टॉवरच्या समोर येताच चित्र हललं. ताईने डोळे उघडले. पण तिकडून ताईला काय दिसलं? पाण्याची टाकी, तिच्याभोवती जमलेली गर्दी, बाईंची लेक ऊर बडवून रडतेय, शिवणक्लासवाली तिला सावरतेय, आणि सगळ्या घोळक्यात धाकटी बहीण कुठेच नाही. ताईने एकेक चेहरा शोधला. मग तिने तोंडावर हात घेतला. जावई सांगायला लागला, "अहो मावशी, आई खाली..." आणि तेवढ्यावर पुन्हा ती चकती.

खाली बाई म्हणाल्या, आता पुरे. त्या कठडा धरून एकेक पायरी उतरत लाँड्रीत आल्या. हँगरांच्या रांगेखाली तारेचा फोन नेहमीसारखा लटकत होता. भाच्याचा नंबर लावला तर तो व्यस्त. असणारच, तो गच्चीवरच्या गोठलेल्या ताईत अडकला होता. पण दुपारी भाच्याने वॉर्डाचाही नंबर दिला होता, आणि लेकीने तो गिऱ्हाइकांच्या नंबरांशेजारी खडूने भिंतीवर लिहिला होता. अक्षरं वाचायला बाईंना वेळ लागायचा, आकड्यांत मात्र त्या कुणाच्या बापाला ऐकत नव्हत्या.

पहिल्याच घंटेला नर्सने उचलला. इतका स्वच्छ आवाज, की तिच्या मागे ट्रॉलीचं चाक करकरतंय तेही ऐकू आलं.

बाईंनी ताईची चौकशी केली. नर्स म्हणाली, पेशंटने रडून रडून वॉर्ड डोक्यावर घेतला. ब्लड प्रेशर इतकं वाढलं की डॉक्टरांनी झोपेचं औषध द्यायला लावलं. आत्ताच डोळा लागलाय, आता सकाळी थेट ऑपरेशनलाच नेणार. मग तिने जरा हळू आवाजात विचारलं, "त्यांची धाकटी बहीण वारली म्हणे. तुम्ही कोण बोलताय?"

बाईंनी रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "मी तीच." आणि नर्सने फोन ठेवला.

पुन्हा लावला तेव्हा तिने ऐकून घेतलं खरं, पण आता पेशंटला उठवता येत नाही म्हणाली. बाई रिसिव्हर हातात घेऊन उभ्या राहिल्या. दुपारपासून हा इथेच लटकत होता. हात पुढे करायचा अवकाश होता.

सकाळची पहिली बस धरून त्या जावयाबरोबर पोचल्या, तोवर ऑपरेशन उरकलं होतं. ताई खाटेवर होती, गळ्याला पट्टी, पट्टीतून नळी. मावशी जिवंत आहे हे भाच्याने तिला आधी सांगायचं ठरवलं होतं, पण ती शुद्धीवर येत होती आणि तोच बाई समोर उभ्या. ताईने डोळे उघडले आणि मेलेल्या बहिणीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आपण कुठे येऊन पोचलो, असा काहीसा भाव होता. मग तिने चादरीतून हात काढला, बाईंचा दंड पकडला आणि चिमटा काढला. लहानपणी काढायची तसला, पीळ देऊन.

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "जिवंत आहे गं बाई," त्या म्हणाल्या. "सोड आता."

ताईने सोडलं. मग तिने मूठ वळली आणि चादरीवरून पुढे-मागे, पुढे-मागे फिरवली. इस्त्री. बाई वाकल्या. ताईने मूठ जागच्या जागी थांबवली, तशीच ठेवली, आणि एक बोट वर काढलं. त्या बोटाने ती आता सांगणार होती, कुणी ठेवली ते. बोट बाईंकडे वळलं, परत स्वतःच्या छातीकडे जायला लागलं, आणि मध्येच, सलाईनची सुई निघेल म्हणून, नर्सने हात अलगद धरून चादरीखाली घातला.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. भुवई वर चढवून. उत्तर मागत.

"कळलं," बाई म्हणाल्या. "कळलं हं मला."

काहीही कळलं नव्हतं. ताईने मात्र समाधानाने डोळे मिटले.

बाई कॉरिडॉरमध्ये येऊन बाकावर बसल्या. दंडावर चिमट्याचा लाल डाग उमटला होता, त्यावर त्या हात ठेवून होत्या. खिडकीपाशी जावई उभा होता. हात वर, फोन छताकडे, चेहरा उजळलेला. आपण कुठे आहोत याचं भान येऊन त्याने आवाज खाली आणला.

"आई, इथे काय स्पीड आहे बघा. काल त्यांच्याकडून प्रॉब्लेम नव्हताच. आपल्याकडे जरा गर्दी..."

बाईंनी त्याला हाताने बोलावलं, शेजारी बसवलं. त्याच्या हातातला फोन घेऊन आपल्या मांडीवर पालथा ठेवला.

"जावईबापू, तुम्ही मनाने वाईट नाही, पण एक ऐका. ताईचं तोंड मला आज दिसलं, उद्याही दिसेल. आवाज तेवढा कालच्या दिवसापुरता होता. आणि तो रांगत रांगत आला असता ना, तरी मी त्याची वाट बघत बसून राहिले असते."