टिंबाची रजा

हेडक्लार्कांनी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि साहेबांनी त्या अर्जावर स्वतःची कादंबरी ठेवली.

"आधी हे वाचा. मग रजेचं बघू."

मेहुणीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. बायकोने सकाळीच बजावलं होतं, "या खेपेला रजा नाही मिळाली ना, तर मी एकटी जाईन. आणि परत कधी येणार ते विचारायचं नाही." हेडक्लार्कांनी निमूटपणे पुस्तक घरी नेलं.

पुस्तक साहेबांनी स्वतःच छापलं होतं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर साहेबांचाच हसरा फोटो, आत तीनशे पानं. आणि तीनशे पानांत अनुस्वार म्हणून औषधाला नाही. पहिल्याच ओळीत आईला मुलाची चिता लागली होती. दहाव्या पानावर नायिकेच्या मनात कित्येक वर्षांची खत साठली होती. ती बिचारी ढसाढसा रडत होती आणि हेडक्लार्क टॉवेलात तोंड खुपसून हसत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "काय, कशी वाटली?"

"डोळ्यांतून पाणी आलं, साहेब." हे काही खोटं नव्हतं.

"आणि तो प्रकाशक म्हणतो, आधी अनुस्वार घाला! म्हटलं, गेलास उडत, मीच छापतो. टिंबावाचून कुणाचं काही अडतं का हो?"

खरं बोलायची हीच वेळ होती. पण समोर अर्ज होता.

"छे छे! वाचणाऱ्याला संदर्भाने कळतंच की!"

साहेब खूश. त्यांनी झोकात शेरा मारला, खाली सही ठोकली. हेडक्लार्क जवळजवळ तरंगतच रजांची नोंद ठेवणाऱ्या बाईंकडे गेले. बाईंनी चष्मा सावरला.

"रजा मजूर? कुठला मजूर?"

"मंजूर हो, बाई! टिंब राहिलंय."

"मग टिंब घेऊन या. मागे असाच एक कागद पुढे पाठवला आणि मेमो मला मिळाला."

टिंब द्यायला हात नुसता शिवशिवत होता. पण साहेबांच्या शेऱ्याला हात लावायचा म्हणजे नोकरीवर गदा. हेडक्लार्क आल्या पावली परतले.

"साहेब, तेवढं एक टिंब..."

साहेबांचा चेहरा उतरला. "आत्ताच म्हणालात ना, संदर्भाने कळतं?"

"मला कळतं, साहेब. बाईंना नाही कळत."

"अस्सं!" साहेबांनी कपाटातून कोरी प्रत काढली. "त्यांना म्हणावं, आधी हे वाचा. एकदा माझी शैली अंगवळणी पडली, की शेराही कळेल."

बाईंनी पानं चाळली. "तीनशे? ठेवा. पुढच्या आठवड्यात बघते."

हेडक्लार्कांनी खुर्ची ओढली आणि पुस्तक उघडलं.

"बाई, तुम्ही नुसतं ऐका," ते म्हणाले, आणि पहिल्या ओळीतल्या आईची चिंता टिंबासकट मोठ्याने वाचू लागले.