एल्डनची नोट आणि मशीनचं नवं तोंड

"वीस मिनिटं! फार तर पंचवीस!" वेंडेल म्हणाला. हे वाक्य ऐकलं की त्याची बायको रोवीना घरातल्या मौल्यवान वस्तू उचलून दुसऱ्या खोलीत नेत असे. आज तिला वेळ नव्हता. तिला आईला आणायला जायचं होतं.

"वेंडेल, उद्या कर ना. आज आई जेवायला येतेय."

"म्हणून तर आजच! जेवण झालं की आई मशीनवर बसणार. त्या नोट घालणार, मशीन ती थुंकणार, आणि त्या माझ्याकडे बघणार. ते बघणं मला सोसत नाही."

यात खोटं काही नव्हतं. नेवाडातल्या पारंप गावातल्या त्यांच्या घरात, फ्रीजच्या शेजारी, बंद पडलेल्या एका कसिनोतून आणलेलं जुनं जुगाराचं स्लॉट मशीन होतं. त्याचं नोट घेणारं तोंड, म्हणजे दिवा लागलेली ती फट, वसंतापासून रुसलं होतं. कोरी करकरीत नोट दिली तरी जीभ दाखवल्यासारखी परत बाहेर! वेंडेलनं ऑनलाइन जुनं-वापरलेलं दुसरं तोंड मागवलं होतं. आयुष्यभर कसिनोच्या बसगाड्या चालवल्यामुळे आपल्याला मशीनमधलंही सगळं कळतं, अशी त्याची समजूत होती.

आणि खरं सांगायचं तर तोंड बसलंसुद्धा! चार स्क्रू, दोन वायरी, खाली नोटा साठवायचा पत्र्याचा डबा. हिरवा दिवा लागला. वेंडेलनं स्वतःच्याच पाठीवर थाप मारली, जिथवर हात पोचला तिथवर.

आता चाचणी. त्यानं दहाची नोट घातली. बाहेर! वीसची घातली. बाहेर! मग त्याच्या लक्षात आलं की हे तोंड फक्त एक डॉलरची नोट घेतं. आणि एकची नोट हल्ली कुणाच्या खिशात असते? सगळं कार्डावर! त्यानं पाकीट, जाकीट, गाडी, सोफ्याच्या फटी सगळं धुंडाळलं. एक बटण मिळालं.

तेव्हा त्याची नजर वर गेली. बरोबर मशीनच्या वर, भिंतीवर, चौकटीत, काचेआड एक डॉलरची नोट होती.

सासूबाई युडोरा यांनी बासष्ट साली, ईली गावात, तांब्याच्या खाणीवरच्या लोकांसाठी केस कापायचं दुकान काढलं. पहिल्या गिऱ्हाइकानं दिलेली ही पहिली नोट. दुकानदार ती जपून लावतातच. पण या नोटेवर त्या गिऱ्हाइकाची सही होती, एल्डन. पुढे युडोराबाईंनी त्याच्याशीच लग्न केलं. तो जाऊन बरीच वर्षं झाली. वृद्धाश्रमात भिंतींना खिळा ठोकू देत नाहीत, म्हणून चौकट लेकीकडे. दरवर्षी आजच्या दिवशी, दुकान उघडलं त्या तारखेला, बाई यायच्या, चौकट हातात घ्यायच्या, काचेची पापी घ्यायच्या आणि म्हणायच्या, "एल्डन, केस वाढले रे तुझे!" वर्षभर त्या या एका क्षणासाठी थांबलेल्या असत.

"चाचणीत नोट लगेच परत येते," वेंडेल स्वतःला म्हणाला. जुन्या तोंडाचं तसंच होतं. "आत, बाहेर, चौकटीत! एल्डनलासुद्धा कळणार नाही."

नोट आत गेली. मशीननं सुरेल आवाज काढला. एक डॉलर जमा! आणि मग काहीच नाही.

"ये ना बाहेर," वेंडेल म्हणाला. "ये ना गं बाई!"

त्यानं पत्र्याचा डबा ओढून काढला. त्याला कुलूप होतं. जुन्या डब्याची किल्ली लागेना, आणि विकणाऱ्यानं नव्याची किल्ली पाठवलीच नव्हती. डबा हलवला. आतून फडफड ऐकू आली. वेंडेलच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात फोन वाजला. रोवीना. "निघालोय आम्ही. आई आज खुशीत आहे. ओव्हन बघ!"

वेंडेल शेजारच्या क्लिफकडे धावला. क्लिफ ड्रिल घेऊनच आला. कशासाठी, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

"कुलपात पाड हं भोक. फक्त कुलपात!"

"लेका, मला शिकवतोस?"

"हळू! हळू रे!"

ड्रिल कुलपात शिरलं, कुलूप एकदम सुटलं आणि ड्रिल सरळ आत गेलं. क्लिफनं ड्रिल उलटं फिरवलं. ड्रिलच्या टोकाला एल्डनची नोट अडकून बाहेर आली. सही शाबूत होती. पण नोटेवरच्या वॉशिंग्टनसाहेबांच्या कपाळात मधोमध, वाटाण्याएवढं भोक!

"पेन्सिलीचा डाग वाटेल," क्लिफ म्हणाला.

"डागातून पलीकडचा फ्रीज दिसतो का रे कधी?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. वेंडेलनं नोट चौकटीत कोंबली आणि चौकट भिंतीवर टांगली. क्लिफ ड्रिलसकट मागच्या दारानं पसार झाला. मित्र म्हणजे असा!

"काय जावईबापू," युडोराबाई काठी टेकत आत आल्या, "घाम का फुटलाय?"

"ओव्हन, आई. ओव्हनजवळ होतो."

रोवीनानं ओव्हन उघडला. तो चालूच केलेला नव्हता. तिनं वेंडेलकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग परत वेंडेलकडे. तिनं ओव्हन लावला.

उशिरा का होईना, जेवण सुरू झालं. वेंडेल ताटातले बटाटे नुसते इकडून तिकडे फिरवत होता. शेवटी बाईंनी हात पुढे केला. "रोवीना, आण बघू त्याला."

चौकट आली. बाईंनी ती डोळ्यांशी नेली, दूर धरली, पुन्हा जवळ आणली. वेंडेलचे कान तापले. बाईंनी काचेची पापी घेतली. "एल्डन, केस वाढले रे तुझे!" आणि चौकट टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बटाटे दे इकडे."

संपलं! सुटला! पण वेंडेलचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. टेबलाखालून रोवीनाची लाथ त्याच्या नडगीवर बसली. तो समजला, बायको म्हणतेय, बोल. दुसरी लाथ. म्हणजे आत्ताच बोल! तिसऱ्या लाथेला तो उठून उभा राहिला.

"आई, मी पापी आहे! एल्डनच्या नोटेला मी भोक पाडलंय! म्हणजे क्लिफनं, पण माझ्यामुळे! मशीननं गिळली, किल्ली नव्हती, ड्रिल घुसलं!"

"मूर्खा," रोवीना कळवळून म्हणाली, "मी तुला गप्प बस म्हणून लाथा मारत होते! आल्या आल्या मी ते भोक पाहिलं. आईला नसतं दिसलं!"

"का नसतं दिसलं?"

"मोतीबिंदू," युडोराबाई थंडपणे म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. काचेपलीकडे मला नुसतं हिरवं धुकं दिसतं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुला सांगितलं असतं," रोवीना म्हणाली, "तर ऑपरेशन तूच करायला निघाला असतास. वीस मिनिटं!"

बाईंनी चौकट मागून उघडली. नोट बाहेर काढली. त्यांची बोटं कागदावरून सावकाश फिरली, आणि करंगळीचं टोक भोकात जाऊन थांबलं. वेंडेलनं डोळे मिटले. त्याला खरोखर रडू येत होतं.

"सही याच्या कुठल्या बाजूला आहे?" बाईंनी विचारलं.

"उजवीकडे. जरा खाली."

त्यांचं बोट भोकावरून उजवीकडे, जरा खाली गेलं आणि शाईवर थबकलं.

"दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "मी नुसत्या काचेची पापी घेतेय. तू कुठे आहेस ते कळतच नव्हतं रे मला, एल्डन. या भोकामुळे आता सापडलास." रोवीनानं रुमाल पुढे केला. वेंडेलच्या जिवात जीव आला. तो हळूच खुर्चीत बसू लागला.

"बसू नकोस," युडोराबाई नाक पुसत म्हणाल्या. "भांडी घास. आणि त्या क्लिफलाही बोलाव. तो अजून तुझ्या मागच्या दारात उभा आहे. त्याच्या ड्रिलच्या तेलाचा वास मला जेवण सुरू झाल्यापासून येतोय."